द्राक्षवाला निघाला सायकलवर: पोर्तुगालचं दोरू खोरं

मांडवाखाली

लिहीन लिहीन म्हणत वर्षभर टंकाळा केला. आज पाऊस आहे, बागेत जाता येत नाही, म्हणून बसलोय.

दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग. बागाईतदाराला सुट्टी अशी नसतेच, पण सप्टेंबरात गोडी छाटणीला हात घालायच्या आधी दोन आठवडे जरा सैल मिळतात. बहीण रॉटरडॅमला असते, ती कधीची ये म्हणत होती. म्हटलं, येतो, पण त्यातले सहा दिवस पोर्तुगालात सायकल चालवणार. आपल्याकडे कात्री हातात घ्यायची वेळ येते तेव्हा तिकडे माल निघत असतो. मला ती तोड बघायची होती.

दोरू नदी स्पेनमध्ये उगम पावते, ८९७ किमी वाहून पोर्टो शहरापाशी समुद्राला मिळते. पोर्ट वाइनची द्राक्षं याच खोऱ्यातली. नकाशात नदी दिसली की आपण धरून चालतो, काठाकाठाने रस्ता असेल, सपाट असेल, गार वारा असेल. मीही तसंच धरून चाललो. खोटं आहे सगळं. पिन्यांव गावाच्या वर नदीकाठची जी काय अरुंद पट्टी आहे ती एकोणिसाव्या शतकातच रेल्वेने घेतली. रस्त्याला तिथे जागाच उरली नाही. तो सरळ डोंगरावर चढतो, पाच-सहाशे मीटरवरच्या पठारावरून गावं गाठतो आणि पुन्हा नदीवर उतरतो. म्हणजे तुम्ही नदीच्या प्रवाहाबरोबर चाललात तरी चढ काही चुकत नाही. दिवसाला ५० किमीची गोष्ट इथे बोला, ९० ची नको.

म्हणून मी उलटं केलं. पोर्टोहून सायकल गाडीत टाकून थेट शेवटच्या स्टेशनाला, पोसिन्योला गेलो. साडेतीन तासांच्या आसपास लागतात. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. फेराडोझाच्या पुलावर गाडी नदी ओलांडते, तिथून पुढे नदी डावीकडे जाते, तेव्हा लाज न बाळगता जागा बदला. पूर्वी ही गाडी पुढे स्पेनच्या हद्दीपर्यंत, बार्का दाल्वापर्यंत जायची; १९८८ मध्ये तो तुकडा बंद झाला. पोसिन्योच्या पुढे रूळ गवतात शिरलेले दिसतात.

पहिलाच चढ पोसिन्यो ते फॉझ कोआ. सात-आठ किमी असेल. कसारा चढलेल्याला यात काय, असं वाटेल. फरक असा की सावली नाही. ऑलिव्ह आणि बदामाची झाडं आहेत, पण त्यांची सावली त्यांनाच पुरत नाही. त्या भागात म्हण आहे, 'नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक'. सप्टेंबर संपत आला होता तरी नरकाचं शेपूट शिल्लक होतं.

फॉझ कोआची दगडावरची कोरीव चित्रं बघितली. त्यावर वेगळं लिहायला हवं, इथे एवढंच: दुपार उतरल्यावर जा. उन्ह तिरपं झालं की शिळेवरची रेघ उठते. जीपमधून नेतात, सायकल खालीच ठेवावी लागते. एका घोड्याला तीन तोंडं काढली आहेत, मान खाली घालतानाची हालचाल दाखवायला. वीस हजार वर्षांपूर्वी!

तिथून पश्चिमेला एन-२२२ हा रस्ता धरला. सांव जुआंव द पेश्केरापर्यंत चढउतार, चढउतार. त्या गावाबाहेरच्या टेकडीवरून खाली व्हालेराचं धरण दिसतं. धरण व्हायच्या आधी तिथे भयंकर खळाळ होता. दोरूचा नकाशा काढणारा इंग्रज व्यापारी फॉरेस्टर १८६१ मध्ये तिथेच होडी उलटून बुडाला. होडीत दोना आंतोनिया फेरेरा पण होत्या, खोऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या बागाईतदारीण. त्या वाचल्या. लोक म्हणतात, घेरदार झग्यात हवा भरली म्हणून त्या तरंगल्या, आणि फॉरेस्टरच्या कमरपट्ट्यात सोन्याची नाणी होती म्हणून तो गेला. खरंखोटं देव जाणे, पण मी दोन वेगवेगळ्या हॉटेलांत ही गोष्ट ऐकली.

आता माझी फजिती. पेश्केराहून पिन्यांवला उतार आहे, सलग. मागे दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा. चौथ्या-पाचव्या वळणावर मागच्या ब्रेकचा दांडा हँडलला टेकला. पुढचा होता, पण तो दाबला की करकर. सायकल पोर्टोत भाड्याने घेतली होती, दुकानाचं नाव घेत नाही. देणाऱ्याने सांगितलं होतं, नवेकोरे पॅड आहेत. मीही चाक फिरवून बघितलं नाही, म्हणजे चूक अर्धी माझी. उतरून ढकलत एर्व्हेदोझा गावात आलो. तिथे ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. म्हातारबुवांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं, कान लावला, पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवला. मागचं लोखंड चकाकत होतं, मसाला नावाला नाही. मग पोराला ओरडले, "शाव्ह!" मला वाटलं, किल्ली मागतायत, गॅरेज बंद करतात की काय. पोराने पाना आणून दिला. तेव्हा डोक्यात उजेड पडला: शाव्ह म्हणजे आपली चावी! त्यांच्याकडे किल्लीला आणि पान्याला एकच शब्द. पोर कुठूनतरी दुसऱ्या सायकलचे पॅड घेऊन आला, ते घासून बसवले, केबल ताणली. पैसे पॅडचेच घेतले.

पिन्यांवच्या स्टेशनावर द्राक्षतोडीची निळी-पांढरी टाइल्सची चित्रं आहेत, २४, सन १९३७ ची. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन उतरतायत, बैलगाड्या, पिंपं, सपाट बुडाच्या होड्या. मी तिथे बराच वेळ बसलो. मग बाहेर येऊन समोरच्या डोंगराकडे पाहिलं तर तेच चाललेलं, फक्त टोपलीच्या जागी प्लास्टिकचे क्रेट. आपल्यासारखेच!

फोटो टाकायचा प्रयत्न करतोय, चढत नाहीयेत.

फिरस्ती_अनघा

वा! मजा आली वाचायला. फोटो दिसत नाहीत.

प्रश्न: १) सायकल भारतातून न्यावी की तिथे घ्यावी? २) गाडीत सायकलचे पैसे लागतात का? ३) मी शाकाहारी, काय खायचं? ४) एकटी बाई म्हणून काही?

मांडवाखाली

१) तिथेच घ्या, पण चाक फिरवून, पॅड बघून घ्या 😀 आणि गिअर मोजा. मागे सगळ्यात मोठी चकती लहान असेल तर नको म्हणा. २) रीजनल गाडीत फुकट, जागा असेल तर. सकाळी लवकरची गाडी धरा. ३) हे जरा अवघड. मी अंडं खातो म्हणून निभावलं. पालेभाजीचं सूप सगळीकडे मिळतं, पण त्यात सॉसेजची एक चकती तरंगत असते, 'सेन शोरिसु' म्हणायला शिका. आणि बसल्याबसल्या पाव-ऑलिव्ह आणून ठेवतात ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, कोणी रागवत नाही. अंजिरं रस्त्याच्या कडेला पडलेली असतात. ४) माझ्यापेक्षा इथल्या कोणी ताईंनी सांगितलेलं बरं. मला भेटलेल्यांत दोन जर्मन मुली होत्या, तंबू घेऊन फिरत होत्या.

व्हिसाचं: शेंगेनमध्ये ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. मी बहिणीकडे जास्त राहिलो, म्हणून नेदरलँड्सकडे केला.

खोचक

म्हणजे दारूच्या खोऱ्यात सायकल चालवली आणि दारूबद्दल अक्षर नाही? की आठवत नाहीये? 😀

मांडवाखाली

@खोचक, संध्याकाळी सात नंतर, सायकल कुलूपबंद करून. पोर्ट गोड असते आणि चढते उशिरा. दुपारच्या उन्हात एक पेला घेऊन पुढचा घाट चढायला निघालेला एक बेल्जियन मी पाहिलाय. तो झाडाखाली झोपलेला पाहिला, असं म्हणू.

सांजांव

धाग्यातली गावांची नावं बघून म्हापशाहून लिहितोय. पिन्यांव बरोबर लिहिलंत, लोक 'पिनहाओ' करून ठेवतात. आणि सांव जुआंव म्हणजे आमचा सांजांव! आम्ही २४ जूनला विहिरीत उड्या मारतो, पोर्टोवाले २३ च्या रात्री एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे मारतात. संत एकच.

चावीचं वाचून हसलो. अजून घ्या: तुम्ही चित्रांत 'पिंपं' पाहिलीत ना, तो शब्द त्यांचाच, पिपा. दोरूमध्ये पिपा हे आजही माप आहे, ५५० लिटर. सगळा हिशोब पिपांत. घमेलं, परात, बादली, बिजागरी, लिलाव, पगार, सगळं होडीतून आलेलं. बटाटा तर विचारूच नका.

मांडवाखाली

@सांजांव, मग गणित सांगतो, मला एका वायनरीत फळ्यावर लिहून दाखवलं होतं. ४३५ लिटर अर्धवट आंबलेला रस, त्यात ११५ लिटर ७७ टक्क्यांचा द्राक्षाचा स्पिरिट. झालं ५५०, एक पिंप. स्पिरिट पडलं की यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, साखर उरते. पोर्ट गोड का, तर याच्यासाठी. आमच्या घरी पाण्याचं पिंप २०० लिटरचं आहे. आता त्याच्याकडे बघून हसू येतं.

दफ्तरखाना

धागा उत्तम. थोडी इतिहासाची भर घालतो, अवांतर वाटल्यास सोडून द्या.

या खोऱ्याची हद्द पोर्तुगालचा मंत्री मार्किस द पोंबाल याने आखून दिली, १७५६ साली. भेसळ वाढली होती, भाव कोसळले होते, म्हणून सरकारी कंपनी काढली आणि कुठल्या जमिनीतली वाइन निर्यातीला चालेल ते ठरवून ग्रॅनाइटचे खांब पुरले. ३३५ खांब. आपल्याकडे १७५६ म्हटलं की विजयदुर्गचा पाडाव आठवतो. पण त्याच वर्षी जूनमध्ये गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्हा फोंड्याच्या मर्दनगडावर मराठ्यांशी लढताना मारला गेला. तिकडे लिस्बन आदल्या वर्षीच्या भूकंपातून उठत होतं. पोंबालच्या टेबलावर त्या वर्षी किती कागद असतील बघा: पडलेलं शहर, मेलेला व्हाइसरॉय आणि द्राक्षं.

खोचक

आणि त्याने द्राक्षं आधी घेतली. हुशार माणूस.

मांडवाखाली

@दफ्तरखाना, काय सांगता! मर्दनगडाचं माहीत नव्हतं.

तो खांब मी हात लावून पाहिलाय. एका बागेच्या बांधावर, कमरेएवढा, शेवाळ धरलेला, त्यावर 'फेटोरिया' हा शब्द आणि साल. 'फेटोरिया' शिक्क्याची वाइन म्हणजे निर्यातीची. शेजारच्या बांधावर गडी जेवायला बसले होते आणि डबे त्याच खांबावर ठेवलेले.

बागाईतदार_निफाड

मांडवाखाली दादा, सायकलचं राहू द्या. बागेचं सांगा. अंतर किती? खुंट कोणता? एकरी माल किती? मजूर मिळतात का?

मांडवाखाली

आलात का शेवटी 😀 हे लिहायचंच होतं, पण इतरांना कंटाळा येईल म्हणून थांबलो होतो.

मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही. बुटकी झाडं, तारेवर बांधलेली किंवा तशीच मोकळी. जमीन म्हणजे माती नव्हेच, पाटीच्या दगडाचे कपचे. कुदळ मारली की खण्ण. तो दगड उभ्या थरांत फुटतो, मुळं फटींतून खाली जातात, पाणी तिथे सापडतं. ठिबक मला क्वचितच दिसलं. पाणी देणं तिथे नियमांत अडकलेलं आहे, मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही.

खुंटाचं विचारलंत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची मुळांवरची कीड आली आणि खोरं साफ झालं. मग अमेरिकन खुंटावर कलम करायला लागले, आपण डॉगरीज खुंटावर करतो तसं. फरक एवढाच की आपण क्षारासाठी आणि पाण्याच्या ताणासाठी करतो, त्यांनी जीव वाचवायला केलं. ज्या पायऱ्या तेव्हा उजाड झाल्या त्यातल्या कित्येक पुन्हा लावल्याच नाहीत. त्यांना 'मोर्तोरियो' म्हणतात, मेलेल्या बागा. कुठे ऑलिव्ह, कुठे नुसती झुडपं. सायकलवरून जाताना हिरव्या डोंगरावर मधेच करड्या पायऱ्यांचा तुकडा दिसतो, तो हाच. मोटारीतून दिसेल असं वाटत नाही. मला दिसला कारण मी ताशी सहा किमीने चढत होतो.

पायऱ्यांचे बांध सगळे कोरड्या दगडाचे, चुना नाही. उंची कुठे कुठे माझ्या डोक्याच्या वर, आणि एवढा बांध घालून वर झाडांच्या ओळी किती? दोन. कधी एकच. मी मनात हिशोब करत होतो की आमच्या गावात एका ओळीसाठी एवढा बांध घाल म्हटलं तर बाप घराबाहेर काढेल. हे बांध घालायला शेजारच्या स्पेनमधल्या गालिसियातून मजूर यायचे. नंतर बुलडोझरने मातीचे रुंद टप्पे केले, ट्रॅक्टर जावा म्हणून, आणि काही ठिकाणी उतारावर उभ्याच ओळी लावल्यात.

माल आपल्यापेक्षा फारच कमी. त्यावर आणखी एक भानगड. प्रत्येक बागेला गुण देतात: उंची, उतार, दगड, झाडाचं वय, वारा कुठून येतो. गुणांवरून अ, ब, क अशी प्रत. आणि दरवर्षी ठरतं की एकूण किती पिंप रसाची पोर्ट करायची. प्रतीप्रमाणे तुमच्या वाट्याला तेवढी. त्याला 'बेनेफिसियो' म्हणतात. वाट्यातल्या मालाला बरा भाव, उरलेला साध्या वाइनला, तो कवडीमोल. हा आकडा अलीकडे घटत चाललाय. एका शेतकऱ्याच्या घरी राहिलो होतो, त्यांनी कार्ड दाखवलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि खांदे उडवले. भाषा येत नव्हती तरी सगळं कळलं. आपल्याकडे व्यापारी बागेत उभा राहून 'या आठवड्यात भाव पडलाय' म्हणतो, तेव्हा आपणही असेच खांदे उडवतो.

मजूर: म्हातारे. तरुण शहरात. तोडीला बाहेरून टोळ्या आणतात, त्यात नेपाळी, पंजाबी पोरंही दिसली. एकाने लांबून ओळखून हात केला.

बागाईतदार_निफाड

साष्टांग. हे वेगळं लिहून काढा. आणि तुडवतात का अजून पायांनी?

मांडवाखाली

काही ठिकाणी. एक संध्याकाळ बघितलं. ग्रॅनाइटचा चौकोनी हौद, त्यात मांडीपर्यंत माल. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळ करतात आणि कोणीतरी आरोळी देतो, डावा, उजवा, डावा, उजवा. पहिला बराच वेळ असंच, कवायतीसारखं, चेहरे गंभीर. मग ओळ सुटते, वाद्य सुरू होतं आणि नाचायला मोकळे. पायाने बी फुटत नाही, म्हणून कडवटपणा उतरत नाही, असं कारण सांगतात. मला आत बोलावलं होतं. मी नाही गेलो. दिवसभर सायकल चालवलेले पाय, त्यांच्या वाइनचा विचार केला.

दोन_चाकं

लिस्बनमध्ये तीन वर्षं होतो, दोरू दोनदा केलंय. धागा आवडला, पण दोन ठिकाणी असहमत.

एक, गाडीने वर जाऊन खाली येणं म्हणजे खोऱ्याचा खालचा अर्धा भाग हुकतो. दोन, एन-२२२ चा पिन्यांव ते खालचं रेग्वा हा तुकडा लोक वाखाणतात, पण तो एवढा काही नाही. २७ किमी, ९३ वळणं, २०१५ मध्ये गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने जगातला उत्तम रस्ता ठरवला, तेव्हापासून मोटरसायकलवाले तिथेच. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका.

घाट नको असणाऱ्यांनी बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेले सायकलरस्ते धरावेत. आमारांतपासून वर तामेगा नदीकाठचा ३९ किमी, आणि दक्षिणेला व्हिसेऊचा दांव नदीवरचा ४९ किमी. रेल्वेचा चढ म्हणजे नावापुरताच, पोरंही चालवतील.

मांडवाखाली

@दोन_चाकं, मोटरसायकलींचं शंभर टक्के मान्य. पण तो तुकडा मी सकाळी सातला केला, मंगळवारी. धुकं नदीवर, वर उन्ह, आणि रस्त्यावर फक्त क्रेट भरलेले ट्रॅक्टर. त्यांच्या मागून रस रस्त्यावर सांडलेला असतो. वळणावर तो बघून घ्या, निसरडा आणि चिकट, वर माशा-गांधीलमाश्या. रेग्वाच्या अलीकडे बागाउश्तेचं धरण आहे, त्याच्यामुळे पाणी तळ्यासारखं थांबलेलं.

खालचा भाग मुद्दाम सोडला. रेग्वा ते पोर्टो करायचं तर अजून दोन दिवस, आणि बहिणीला शब्द दिला होता.

शंकासुर

कोआच्या चित्रांबद्दल: तिथे धरण होणार होतं ना?

दोन_चाकं

होय, काम सुरूही झालं होतं. १९९४ मध्ये चित्रांची बातमी फुटली आणि गदारोळ झाला. 'चित्रांना पोहता येत नाही' ही शाळकरी पोरांची घोषणा सगळ्या देशात गाजली. १९९५ मध्ये सरकार बदललं, धरण थांबलं, १९९८ मध्ये जागतिक वारसा. पण शेजारच्या तुआ नदीचं नशीब तसं नव्हतं. तिथे धरण झालंच, आणि १८८७ ची जी चिमुकली रेल्वे दरीतून जायची तिचा खालचा भाग पाण्याखाली गेला. त्या गाडीत मी बसू शकलो नाही याचं वाईट वाटतं.

फिरस्ती_अनघा

धागा वर काढतेय. तारखा ठरल्या! मैत्रीण आणि मी, मे महिन्यात. पोसिन्योहून खाली, तुमच्याच वाटेने. मे मध्ये तोड नसणार माहीत आहे. काही राहिलंय का सांगायचं?

मांडवाखाली

मे मस्त. वेली फुलोऱ्यात असतील, उन्ह सोसण्यासारखं.

पिन्यांवला सायकल ठेवून अर्धा दिवस कझाल द लोइवोशला चढा, आणि जमलं तर पुढे फावायोशपर्यंत. तिथे चार कोपऱ्यांचा पाव मिळतो, सकाळीच संपतो. दुकानात जाऊन नुसतं 'पाव' म्हणा, नाकातून. बाई मला विचारत होती, किती दिवस झाले पोर्तुगीज शिकताय.

आणि पॅडचा एक जोड खिशात ठेवा.

फिरस्ती_अनघा

दोन ठेवते. पुढचे आणि मागचे.